वेशीवरच्या गाठी

गावातली निम्मी घरं आमच्या ह्यांच्या पेन्सिलीतून उतरलीत. ह्यांचं नाव न्देलिलिओ म्लाय. जेवायला बसले तरी ताटाशेजारी कागद. केळ्याचं कालवण गार होईल, पण खिडकीची जागा ठरल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. मी करवादते, "अहो, कागदावरच्या घरातली माणसं तरी वेळेवर जेवतात का?"

कॉफी-केळीचे मळे संपून गाव सुरू होतं, ती वेस नीट करायचं काम नगरपालिकेनं ह्यांना दिलं. तिथल्या लोकांना भली मोठी सिमेंटची कमान हवी होती. हे म्हणाले, "माणूस गावात येतोय, तुरुंगात नाही." कमान गेली. ठेंगणी दुकानं, रुंद ओटे, लाल पत्रे, मागं केळी तशीच उभी, आणि वळणावरून सगळा किलिमांजारो दिसला पाहिजे, असा नकाशा मंजूर झाला. रस्त्याकडेला बोगनवेल ठरली होती. ती शेळ्यांनी आठवड्यात फस्त केली.

मग ह्यांनी आमच्याच कुंपणातल्या इसालेच्या फांद्या तोडल्या आणि रस्ताभर खोवल्या. इसालेला शेळी तोंड लावत नाही. ट्रकच्या वाऱ्यानं लांब पानं फाटू नयेत म्हणून प्रत्येक शेंड्याला गाठ मारली. आता काय बोलायचं ह्या माणसाला! आम्हा चग्गा लोकांच्या घरी जन्मलेलं शेंबडं पोरही सांगेल, गाठ मारलेलं इसाले कुणाच्या दारात ठेवलं की ती माफी मागणं असतं, आणि ती नाकारता येत नाही. आणि ती रांग संपत होती ती नेमकी थोरल्या भावजींच्या, आइकाएलींच्या दारात.

दोघा भावांचा अबोला होता. सासरे गेल्यावर ह्यांनी टेप लावून जमीन मोजली, आणि भावजींचा गोठा आमच्या बाजूला आला. "भावाभावात टेप लावतोस?" एवढं बोलून भावजी गेले ते गेलेच. दर नाताळला बोकडातला थोरल्याचा वाटा हे पाठवायचे आणि तो तसाच परत यायचा. त्या दिवशी ह्यांना जेवण जायचं नाही. ह्यांना भाऊ हवा होता, पण चूक आपली म्हणवत नव्हती.

फांद्या लावल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी भावजी म्बेगेचं, म्हणजे केळ्याच्या दारूचं, मडकं घेऊन आमच्या अंगणात हजर. "घे. माफ केलं." दोघं एकाच तुंब्यातून प्यायले. भावजी गेले तशी ह्यांची माझ्यापाशी सुरुवात, "माफ? मी कुठं माफी मागितली? मोजणी बरोबर होती!"

"मग जा, सांगा ना, ते नुसतं कुंपण आहे म्हणून."

"आणि पुन्हा तोंड फिरवलं त्यानं तर?"

खरं सांगावं तर भाऊ जातो, गप्प राहावं तर नसलेला अपराध गळ्यात.

तशातच नगरपालिकेचे साहेब वेशीवर पाहणीला आले. माणूस किनाऱ्याकडचा, त्याला आमच्या गाठींचं काय कळणार! "नकाशात बोगनवेल आहे. हे सगळं उपटा." भावजी दारात उभे राहून ऐकत होते. मागितलेली माफी उपटून परत न्यायची म्हणजे कायमचं वैर.

हे फांद्यांच्या आडवे उभे राहिले. "बाकीचं उपटा, साहेब. दादाच्या दारातलं नको. ते कुंपण नाही. मी... मी चुकलो होतो. त्याची माफी मागितलीय."

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. "माफी? नकाशात कुठाय?"

भावजी रस्त्यावर आले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गाढवा, मला काय दिसत नव्हतं? रस्ताभर गाठी मारत आलास. सगळ्या गावाचा गुन्हेगार होतास का?"

"म्हणजे तुला माहीत होतं? मग मडकं घेऊन कशाला आलास?"

"तू येतोस म्हणून किती वाट बघायची रे? मरायच्या आधी एकदा तुझ्या अंगणात बसायचं होतं मला."

हे भर रस्त्यात भावाच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागले. साहेब मला विचारत होते, "बाई, उपटायचं की ठेवायचं?"