मावशीने भिशीचा नंबर मागितला

सकाळीच लिहिणार होतो, पण टपरीवर गप्पांत अडकलो.

माझी मावशी अमरावतीत फुलं विकते. तिची पोरगी अन् पोरगा कॅनडात शिकतात. संध्याकाळपर्यंत फी भरली नाही तर दोघांचंही कॉलेज सुटतं.

आज पहाटेच फुलवाल्या बायांची भिशी होती. चिठ्ठी निघाली दर्यापूरच्या सुशीलाबाईची. मावशीने हात जोडले, "हा नंबर मले दे ना व. माहा तू घेजो."

"अन् माह्या पोरीचं लगन काय तुह्या कॅनडात लावू?" असं म्हणून सुशीलाबाई पैशाचा डबा घेऊन जीपने गावी गेली.

तेव्हापासून मावशी आमच्या घरी हार ओवत बसली आहे. मित्रहो, मागणं चुकलं का?

थांबा, दारात ऑटो आला. सुशीलाबाईची लग्नाची पोरगी उतरली, एकटीच. तो डबा तिच्या हातात आहे.