अकोल्याचं गिऱ्हाईक

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. अंबादेवीसमोर उभा राहतो तेव्हाही नाही — तिथे तर मी डोळे मिटून दुसरंच काहीतरी मागतो आणि लवकर बाहेर पडतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी दलाल. आधी बैलांचा, कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा घरांचाही. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, आणि इथे अमरावतीत ज्याच्या डोक्यावर छप्पर होतं तो स्वतःला राजा समजत होता. परगावचे व्यापारी उतरत होते. कापूस ठेवायला गोठेसुद्धा भाड्याने जात. सकाळी सांगितलेली घराची किंमत संध्याकाळी मालकालाच कमी वाटायची. रस्त्यावर कापसाचं तूस उडायचं — ओट्यांवर, पागोट्यांवर, ताटातल्या भाकरीवर. भर उन्हात गाव धुक्यात बुडाल्यासारखं दिसायचं.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. भाव तोंडाने बोलायचा नाही. दुपट्टा टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. घराच्या सौद्यात एक बोट म्हणजे शंभर रुपये. काय ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. आणि एका गिऱ्हाइकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. रीत चांगली आहे, भांडणं होत नाहीत. पण त्या दुपट्ट्याखाली काय काय झाकता येतं —

थांबा. आधी सदोबाचं सांगतो.

सदोबा माळी आणि त्याची बायको गयाबाई. नाल्याकाठी त्यांचा विहिरीचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. राहत मात्र गावात, भाड्याच्या खोलीत. मळ्यातल्या खोपीत त्यांचं एकुलतं पोर साप चावून गेलं होतं. त्यानंतर गयाबाई दिवस मावळल्यावर तिथे थांबायची नाही. अशात खोलीच्या मालकाला कापूस भरायची घाई झाली, आणि त्याने आठ दिवसांत निघा म्हणून सांगितलं.

अंबादेवीच्या देवळामागे एक घर विकाऊ होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. म्हातारा मालक मुलाकडे जालन्याला निघाला होता. त्याने चारशे सांगितले. सदोबाजवळ चारशे होते. सौदा तिथेच व्हायचा. मी होऊ दिला नाही. मालकाला म्हणालो, जरा दम धरा. आणि दुपट्ट्याखाली सदोबाचा हात घेऊन पाचही बोटं दाबली. म्हणालो, काल अकोल्याच्या एकानं इतकी धरली.

अकोल्याचं कोणी नव्हतं.

भाव वाढला की दलाली वाढते, हे आहेच. पण तेवढंच होतं का? त्याचा तो भेगाळलेला हात माझ्या हातात होता. पाचवं बोट दाबलं तेव्हा तो हात थरथरला. वर सदोबाचा चेहरा अगदी शांत, आणि खाली हात थरथरतोय — हे फक्त मला कळत होतं. मला ते आवडलं. लपवून काय करू? आवडलं.

दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी सात. मग सदोबाने विचारलं, "त्याले येवढं काहून पायजे हेच घर, भाऊ? अकोल्यात घरं सरले काय?"

काहीतरी सांगणं भाग होतं. म्हणालो, त्याची आई थकली आहे, शेवटचे दिवस देवीपाशी काढायचे म्हणते. बोलता बोलता सुचलं. सदोबा खाली बघत राहिला. मला वाटलं, हा आता सोडतो. पण गयाबाई पायरीशी उभी होती. ती म्हणाली, "त्याची माय हाये, तं मी बी कोनाची माय होती. आमी कुठं जाव?"

मळा विकला त्यांनी. नऊ बोटांवर घर घेतलं.

पुढे ती लढाई मिटली आणि कापूस कोसळला. आज त्या घराचे कोणी तीनशे देणार नाही. सदोबा आपल्याच जुन्या मळ्यात दुसऱ्याची मोट हाकतो. मला कधी वावगं बोलला नाही. उलट मेथी निघाली की जुडी आणून देतो. ती भाजी मी खातो.

गेल्या चैत्रात त्याने मला घरी बोलावलं. भर दुपार, रस्त्यावर माणूस नाही. ओट्यावर एक घोंगडी अंथरलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. सदोबा म्हणाला, "त्या अकोलेवाल्याचं ठिकान सांगा, भाऊ. म्या दोनदा पायी जाऊन आलो. मनात लय सलते. त्याच्या मायची जागा आमी हिसकली."

मी काही बोलायच्या आत गयाबाई म्हणाली, "ते येते ना."

"कोण?"

"त्याची माय. ऊन तापलं का येऊन बसते. बोलत नाई."

मी हसलो. म्हणालो, तुझ्या हातचं पिठलं खायला येत असेल. ती हसली नाही. तिने स्वतःचा हात पदराखाली घेतला आणि तसाच माझ्यापुढे केला. "असा करते. कोनी धराव म्हून."

सौद्याच्या वेळी ती समोरच होती, तिने ते पाहिलं असणार — असं मी स्वतःला सांगितलं. आणि घोंगडीकडे पाहिलं. कापसाच्या शेवटच्या गाड्या सकाळी गेल्या होत्या, सगळा ओटा तुसाने पांढरा झाला होता. घोंगडीच्या मधोमध मात्र एक काळी, स्वच्छ जागा होती — एक माणूस बसेल एवढी. वारा नव्हता. तूस सावकाश खाली येत होतं आणि तेवढ्या जागेवर पडत नव्हतं. मी किती वेळ बघत होतो? माहीत नाही.

आतली एक खोली त्यांनी सारवून मोकळी ठेवली आहे. तिच्यासाठी. दोघं दुसऱ्या खोलीत राहतात. "पन तिच्या पोराची माफी मांगतल्याबिगर तिले आत बोलवता येत नाई," सदोबा म्हणाला.

तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, तो माणूस आता अकोल्यात राहत नाही.

पोळ्याच्या आधीच्या बाजारात मी बैलजोडीचा सौदा करत होतो. समोरचा शेतकरी हात सोडवून बैलाचे दात बघायला गेला. दुपट्टा माझ्या मनगटावर तसाच होता. त्याखाली माझा हात कोणीतरी धरून होतं. कोरडा, हलका हात. बोटं दाबली नाहीत. नुसता धरून होता.

त्यानंतर मी दुपट्टा टाकलेला नाही. पण देवळामागेही गेलो नाही.

सदोबाचं मी एवढं देणं लागतो: अकोल्याचं गिऱ्हाईक नव्हतं, त्याला आई नव्हती, ती खोली तुमचीच आहे, असं त्याच्या तोंडावर सांगणं. ते मी अजून दिलेलं नाही.