खंडेनवमीला वाजलेला भोंगा

इथे लोक टाकतात त्या भुताखेतांच्या गोष्टी मी चवीने वाचते, पण मानत एकही नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला लॉग, म्हणजे सर्व्हरने केलेली नोंद, दिसला की पुरे असतं. म्हणून तर हे लिहायला इतके महिने लागले...

मोहोपाड्याजवळच्या एका लहान केमिकल कंपनीत मी आयटी बघते. माझा थोरला भाऊ संतोषदादा तिथेच प्लँटवर आहे. शेडमध्ये गॅस गळला तर भोंगा वाजवायचं काम एका ॲप्लिकेशन सर्व्हरचं. तो सुरू करताना कुठल्या शेडवर लक्ष ठेवायचं ते सांगणारी, आम्ही बनवलेली कॉन्फिगरेशन फाईल द्यावी लागते. नाही दिली, तर तो मूळच्या डिफॉल्ट फाईलवर सुरू होतो — आणि त्या फाईलला आमची नवी शेड ठाऊकच नाही. शेड नंतर बांधली ना!

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळी मशीनं बंद करून पूजतात. सर्व्हरच्या कपाटालाही हळदकुंकू, झेंडूचा हार. नारळ फुटला की सर्व्हर पुन्हा चालू करायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. या खेपेला तो स्टोअरच्या गायकवाडकाकांचा होता. मी प्रसाद वाटून आले, तर काका एकदम खुशीत.

"तू कशाला धावतेस गं? मी केला पन चालू. त्या चित्रावर क्लिक केलं, झालं."

ते चित्र म्हणजे डिफॉल्ट. "काका, आपली फाईल —" एवढं म्हणते तोच भोंगा वाजला. स्क्रीनवर लाल अक्षरं : नवी शेड.

दादा त्या वेळी हार घेऊन नव्या शेडमधल्या पंपाकडे निघाला होता. भोंगा ऐकून तो दारातूनच मागे फिरला. आत गॅस साचला होता. मास्क लावून आत जाऊन आलेला सेफ्टीवाला म्हणाला, "संतोष, आत गेला असतास तर तिथंच पडला असतास रं."

मी लॉग उघडला. सर्व्हर डिफॉल्टवरच सुरू झाला होता. त्या फाईलमध्ये नवी शेड नव्हतीच. मग त्याला तिथला गॅस कळला कसा? दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसाच सुरू करून नव्या शेडमधल्या सेन्सरवर चाचणीचा गॅस सोडला. भोंगा ढिम्म! पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, "मॅडम, असं होऊच शकत नाही." अहो, मी तरी दुसरं काय म्हणतेय?

ते चित्र मी स्क्रीनवरून काढून टाकलं. काका मात्र अजून सांगत फिरतात, "माझ्या हाताला यश हाय." असेलही बाबा.

दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो नुसतं "हाय का!" म्हणाला आणि जेवायला बसला. पण दुसऱ्या दिवशी वहिनी नारळ घेऊन कंपनीच्या गेटवर हजर.

"वन्सं, तुमचं ते कपाट कुठल्या बाजूला हाय? मी आत नाय येत, हितूनच पाया पडते."

एरवी मी तिची थट्टा केली असती. त्या दिवशी मुकाट्याने खिडकीकडे बोट दाखवलं. तिने डोळे मिटले, आणि तिच्या शेजारी उभी राहून मीही हात जोडले. कोणापुढे, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मनापासून जोडले.