नऊ नंबरचा आवाज

मी आयटीत आहे. रेकॉर्डिंग म्हणजे फाइल, आणि फाइलमध्ये जे भरलंय तेच ऐकू येतं, एवढी साधी समज असलेली बाई. गूढ, अतर्क्य अनुभव कोणी सांगू लागलं की मी हळूच उठून चहा टाकायला जायचे. म्हणून हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही कोबेला राहतो. मागच्या हिवाळ्यात इथल्या म्युझियममध्ये इंका ममींचं प्रदर्शन आलं होतं. नवरा ऑफिसच्या कामाला ओसाकाला गेलेला, म्हणून रविवारी दुपारी मी आणि आठ वर्षांची सई अशा दोघीच गेलो.

एका काचेमागे एक बाई होती. गुडघे छातीशी घेऊन बसलेली, विणलेल्या कापडात गुंडाळलेली. मला जपानी चित्रलिपी, कांजी, फारशी वाचता येत नाही, म्हणून सईने पाटी वाचून सांगितली.

"आई, हे लोक गेलेल्या माणसांना आपल्यातच ठेवायचे. कपडे बदलायचे, जेवायला वाढायचे, गप्पा मारायचे. उरायामाशीइ ने."

हेवा वाटतो ना, असं म्हणाली ती. मला खरंच वाटला.

माझी आई नाशिकला वारली तेव्हा विमानं बंद होती. तिचं शेवटचं दर्शन मी मोबाइलवर घेतलं — हनुवटीपर्यंत पांढरी चादर, आणि मधेच अडकणारं चित्र.

मी तिकिटाबरोबर मिळालेल्या ऑडिओ गाइडवर त्या काचेचा नंबर, नऊ, दाबला. जपानी बाईचा आवाज सुरू झाला, थांबला. मग अगदी कानाशी —

"मने, पाय गार पडले होते गं. यांनी तुझा स्वेटर गुंडाळलाय. टोचत नाही हो."

मला मनी म्हणणारं एकच माणूस होतं.

पुन्हा नऊ दाबलं. जपानी. पुन्हा दाबलं. जपानी. तिथल्या मावशींना मशीन दिलं, त्यांनी कानाला लावून ऐकलं, काही बिघाड दिसत नाही म्हणाल्या आणि तरी माफी मागून दुसरं दिलं. सई माझा हात धरून विचारत होती, "आई, दाइजोबु? बरं वाटत नाहीये का?"

बाहेर जिन्यात येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, आईच्या पायांना तुम्ही काही गुंडाळलं होतं का?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही सांगा ना."

"शेवटच्या दिवशी पाय फार गार पडले तिचे. कपाटात तुझा कॉलेजातला स्वेटर होता, तोच गुंडाळला. मग काढायचं सुचलंच नाही. तसाच गेला तिच्याबरोबर. हे मी कोणालाच बोललो नव्हतो गं."

मग मी त्यांना नऊ नंबरवर ऐकलेलं सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी एकटी जाऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे नंबर ऐकले. काही नाही. नंतर प्रदर्शन दुसऱ्या शहरात गेलं. मशीन, थकवा, मनाचे खेळ — सगळं लावून पाहिलं. स्वेटरचं कोडं त्यातल्या कशानेच सुटत नाही.

बाबा देवाला हात न जोडणारे, नास्तिक माणूस. पण हल्ली दर रविवारी फोन ठेवताना घुटमळतात आणि विचारतात, "आणखी काही म्हणाली होती का गं ती?"

मी नाही म्हणते. मग आम्ही दोघंही फोन ठेवत नाही.