शुक्रवारचा रोगी

अमडापूरच्या बाजारपेठेतल्या त्या खासगी दवाखान्यात चामडीच्या रोग्यांचा वार शुक्रवार. त्यांना आत घेत नसत. मागच्या ओसरीत बसवून खिडकीतूनच पाहत. कंपाउंडर मोतीराम त्यांच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने 'च' काढी. एकदा तो 'च' पडला की पोट दुखो वा दाढ, वार शुक्रवारच.

उकंडरावांच्या कागदावर तो महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी पडला. निदान अचूक होते: सोरायसिस. कोपरांवर, गुडघ्यांवर, पुढे छातीभर रुपेरी खवले. त्यांच्या मळ्यातली वांगी उत्तम. पण बाजारात ती विकायला सत्यभामाबाई बसत, कारण नवऱ्याचे हात पाहून गिऱ्हाईक पुढच्या पालाकडे सरके. उन्हाळ्यातही ते लांब बाह्यांचा सदरा घालत.

आठ वर्षांनी, एका मंगळवारी, मोटेजवळ त्यांची छाती दाटली. डावा हात कोपरापर्यंत भरून आला. घाम पुसत ते चालत दवाखान्यात गेले.

"उकंडराव, आज मंगळवार हाये," मोतीराम म्हणाला.

"छातीचं हाये, भाऊ. चामडीचं नाही."

"कागद तं चामडीचाच हाये न!"

ते परतले. शुक्रवारी सत्यभामाबाई सोबत आल्या. खिडकीशी वाकून उकंडरावांनी दुखणे सांगितले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "मलम छातीला लावता?"

"हो, साहेब."

"त्यानेच जळजळतं. पंधरा दिवस बंद ठेवा."

"जळजळ नाही हो, दाटून येते. एकडाव नळी लावून पाहा न."

"खवले झडतात त्याच्यावर. आधी कातडी सुधारू द्या."

ओसरीतून उतरताना सत्यभामाबाई फणकारल्या, "बैलाच्या पोटालेबी ढोराचा डॉक्टर कान लावते!"

"हळू बोल. पुढच्या शुक्रवारी खिडकीबी बंद करतीन," उकंडराव हसले.

मलम बंद झाले. खवले गळ्यापर्यंत चढले, दाटणे मात्र गेले नाही. दवाखाना परवानगी देईल तेव्हाच दुखायचे, अशी सवय शरीराला लावता येत नाही; तरी उकंडरावांनी तसा प्रयत्न केला. दर वेळी मळ्यात खाली बसत आणि बोटांवर शुक्रवार मोजत.

सोरायसिसच्या माणसाचे हृदयही तपासावे, हे त्या डॉक्टरांनी शिकलेल्या पुस्तकांत नव्हते. तेवढी सूट त्यांना द्यावी लागते. पण भरून येणारा डावा हात त्याच पुस्तकांत होता. आठ वर्षांच्या त्या कागदावर मलमाचे नाव एकसष्ट वेळा आहे. रक्तदाबाचा आकडा एकदाही नाही.

त्या शुक्रवारनंतरच्या तिसऱ्या बुधवारी सकाळी उकंडराव वाफ्यातच आडवे झाले. शेजारचा निवृत्ती धावत गेला आणि डॉक्टरांना सायकलवर घेऊन आला. तोवर उकंडरावांना उचलून बाजेवर निजवले होते. डॉक्टर बाजेजवळ बसले. त्यांनी सदऱ्याची बटणे स्वतः काढली, खवल्यांनी भरलेल्या उघड्या छातीवर नळी टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

सत्यभामाबाई उशाशी उभ्या होत्या.

"आज बुधवार हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "यायचा वार तं शुक्रवार होता."

डॉक्टरांनी नळी काढली. रुमालाने ती पुसू लागले, आणि बाई पाहत आहेत हे ध्यानात येताच थांबले.