चिमीचं भाषण अन् माहं लिनक्स

हसाचं नाही असं पहिले कबूल करा, मंगच सांगतो. काय? कबूल नाही? जाऊ द्या, चहा तेवढा सांगा, माही फजिती ऐका.

मी तवा अमरावतीले कॉलेजात होतो अन् मले नवंनवं लिनक्स, म्हंजे विंडोजच्या जागी टाकाचं फुकटातलं सॉफ्टवेअर, चढलं होतं. चढलं म्हंजे कसं, तापासारखं! एका दोस्तानं सीडी देली, मी कम्प्युटरवर टाकली, काळ्या पडद्यावर दोन ओळी हाणल्या अन् गाणं वाजलं. बस! आता आपल्याले कोन थांबवते?

तेल्हाऱ्याले माही आत्या एकटीच राहते. तिची पोरगी, म्हंजे माही ताई, बंगलोरले. ताईनं आईसाठी आपला जुना कम्प्युटर धाडला, त्यात व्हायरसच व्हायरस! मी फोनवर ऑर्डर सोडली, "आत्या, वायरी काढून ठेव. मी येतो, लिनक्स टाकून देतो. पन तोवर त्याच्यात धूळ-कचरा जाऊ देऊ नको. गेला का मेलाच समज!"

हे वाक्य ध्यानात ठेवा बरं.

गेलो. घरात पाय ठेवाले जागा नाही! त्या साली कापसाले भावच नव्हता, लोकाईनं घरातच भरून ठेवला होता. आत्याचा तं पार छताले टेकलेला. तो सोडून जाता येत नाही, म्हणून तिचं बंगलोर राहिलं. नात चिमीनं तिथल्या मराठी मंडळात 'माझी आजी' म्हणून भाषण केलं, ते पाहाचं बी राहिलं. मंग ताईनं त्याची सीडी पाठवली. ती सीडी उशाले घेऊन आत्या माही वाट पाहून राहिली होती.

पहिले टेबलामागं हात घालून, चाचपत चाचपत वायरी खोसल्या. हाताले कापूस लागला. लागनच ना, त्या घरात भाजीत बी कापूस निघते! स्पीकरची पिन जराशी अडली. मी जोर लावला. गेली.

लिनक्स पडलं झकास. चिमीची सीडी लावली. चिमी स्टेजवर आली, नऊवारीत, एवढीशी! तिनं तोंड उघडलं अन्...

आवाज नाही.

"काय म्हनते रे ते?" आत्या पडद्याले नाक लावून.

"थांब आत्या, साउंडचा ड्रायवर नाही, आवाज काढनारं सॉफ्टवेअर."

"मंग टाक ना बाप्पा."

टाकाले गेलो. सायकल काढली, बसस्टँडवरच्या इंटरनेट कॅफेत गेलो, पेनड्राइव्हमधी फाईल आनली. कम्प्युटर म्हणे, हे चढवाले अजून एक फाईल पाहिजे. पुन्हा सायकल. तो म्हणे, त्याच्यासाठी अजून एक! लग्नात एक जावई मनवला का दुसरा रुसते ना, तसं!

आत्या मधात म्हणाली, "अरे, मागून पाह्यलं काय?"

"आत्या! मागून-पुढून काही नसते. हे सॉफ्टवेअरचं काम आहे."

थोड्या वेळानं तिचं पुन्हा तेच, "मागून पाह्य ना!"

मंग मी म्हटलं, जुना आवाजाचा कारभारच उपटून टाकू. लिहिली कमांड. त्यानं इंग्रजीत लांबलचक विचारलं, याच्यासंगं हे बी जाईन, ते बी जाईन, चालते काय? आता एवढं कोन वाचते? हो म्हटलं!

डेस्कटॉपच गेला ना भाऊ! चिमी गेली, चित्रं गेले, उरली काळी पाटी.

"आवाज तं आलाच नाही, पोट्टी बी घालवली काय रे?" आत्या काळ्या पडद्यावर हात फिरवून म्हणाली.

 समदं लिनक्स पुन्हा टाकलं. चिमी परतली. मुकीच. पन आत्याले आता तिचे हातवारे पाठ झाले होते. "हे पाह्य, इथं कानाले हात लावते. गानं म्हनत असन. अन् हे... मले बोलावते काय रे?"



दिवस कलला. शेवटची एसटी जवळ आली. "आत्या, कम्प्युटरचा डबा अमरावतीले नेतो," मी म्हटलं. तिनं सीडी काढली, पदरानं पुसली. अन् मंग म्हणाली, "थांब. रस्त्यानं धूळ जाईन. बोळे लावू दे."

"कसले बोळे?"

"कापसाचे. तूच तं म्हटलं होतं, कचरा जाऊ देऊ नको. म्या मागच्या समद्या भोकाइले बोळे लावले होते. वायरी खोसताना तू काढले असन ना?"

मी डबा फिरवला. स्पीकरच्या भोकात, पार तळाले, माह्याच जोरानं ठासलेला पांढराशुभ्र बोळा! आत्याच्या अंबाड्यातली पिन घेऊन उकरला. चांगली समईची वात झाली असती!

स्पीकरची पिन टक्कन बसली. अन् चिमी बोलली.

"माझी आजी तेल्हाऱ्याला राहते. तिच्या घरात कापसाचा डोंगर आहे. माझा कान दुखला की आजी कानात बोळा घालते. मग मला काहीच ऐकू येत नाही. पण आजी हात करते ना, ते मला कळतं. ती म्हणते, ये इकडे."

आत्या हसली का रडली, मले आजवर समजलं नाही. "अजून एकडाव लाव," म्हणे. लावलं. अजून लावलं. एसटी गेली, जाऊ देली.

सकाळी निघालो तं आत्यानं मले दारात उजेडाले उभं केलं, कान धरला अन् आत डोकावली.

"काय पाहते आत्या?"

"काल दिवसभर म्हटलं, मागून पाह्य, मागून पाह्य. तुले आइकूच येईना. म्हटलं, तुह्या कानात बी म्याच बोळा घातला होता काय लहानपनी, अन् काढाचा राहिला!"