श्रुतपंचमीची फ्लॉपी

पलूसच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात सत्त्याण्णव साली जे एक मशीन धड चालायचं, त्यापुढं दुपारी गुणमाला मगदूम बसायच्या. वय पासष्टीच्या पुढं, डोक्यावर पदर. त्या शिकायला येत नव्हत्या. वाचायला येत होत्या. शिकवायचो मी, म्हणजे मला येत होतं तेवढं संपेपर्यंत शिकवायचो.

काचबिंदूनं गुणमालाकाकींचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याचीही हमी मिरजेच्या डॉक्टरांनी दिली नव्हती. छापलेल्या ओळी त्यांना मुंग्यांच्या रांगा दिसत. एकदा नातीला, दीपालीला, न्यायला क्लासात आल्या, तर तिनं पडद्यावर आजीचं नाव टाइप करून विटेएवढं मोठं केलं. काकींनी ते वाचलं. किती दिवसांनी काही वाचलं होतं, कुणास ठाऊक. नातीला तिथंच विसरून त्यांनी मला विचारलं, अख्खं पुस्तक असं मिळतं का.

मिळत नव्हतं. पण सांगलीत माझा एक मित्र पुस्तकांची अक्षरजुळणी करायचा. त्याचं नाव अतिशय. त्यावरचे सगळे विनोद आम्ही शाळेतच संपवले आहेत. त्यानं नुकतीच एक कादंबरी छापायला पाठवली होती. कोयनेच्या धरणात जिचं गाव गेलं, अशा एका बाईची. प्रकाशकाला विचारून त्यानं ती फ्लॉपीवर घालून मला उसनी दिली.

मी ऐटीत फ्लॉपी लावली, तर पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा. त्याच्याकडचा फॉन्ट आमच्या मशीनवर नव्हता. काकींचं माहेर कर्नाटकातलं, चिकोडीकडचं. पडदा न्याहाळून म्हणाल्या, "ही कानडी बी न्हाई. कुणाची म्हणायची रं?"

मी पुन्हा सांगलीची एसटी धरली आणि फॉन्ट घेऊन आलो.

मग वाचन सुरू झालं. अक्षर एवढं मोठं की पडद्यावर पाच-सहा शब्द मावायचे. एका पानाला दुपार जायची. त्यांचे यजमान मदनकाका येता-जाता विचारायचे, कादंबरी वाचतीया का शिलालेख. काकी लक्ष देत नसत. डोळा जायच्या आत ते पुस्तक स्वतः वाचून संपवायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. त्या बाईला नव्या गावात घर मिळतं का, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

शेवटची चाळीसेक पानं उरली आणि श्रुतपंचमी आली. त्या दिवशी जैनांच्या घरी ग्रंथ खाली काढतात, झटकून नव्या कापडात बांधतात, त्यांची पूजा करतात. काकींनी फ्लॉपी घरी मागितली. मी कुरकुरलो. त्या म्हणाल्या, "पुस्तक हाय न्हवं ते? मग एक दिस तरी त्येला पुस्तकासारखं वागवू."

मी फ्लॉपी काढून दिली. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी पिवळ्या रेशमी कापडात बांधून आली. मशीनमध्ये घातली, तर कर्रकर्र आवाज, आणि वाचता येत नाही म्हणून निरोप. बाहेर काढून पत्र्याचं झाकण सरकवलं. आत ओलं गंध शिरून वाळलं होतं आणि त्यात एक अक्षता घट्ट चिकटली होती.

काकींनी फ्लॉपी उजव्या डोळ्याजवळ धरली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्येचा डोळा मीच फोडला."

मी अतिशयला फोन केला. त्यानं छपाई झाल्या झाल्या मशीनवरची प्रत पुसून टाकली होती. जागा कुठाय, म्हणाला. आमच्या मशीनवर उतरवून ठेवायचं मलाही सुचलं नव्हतं. पण छापील पुस्तक त्यानं कंडक्टरच्या हाती पाठवून दिलं. राहिलेलं मी वाचून दाखवतो, असं काकींना सांगून पाहिलं.

"वाचशील रं. पर त्या बाईचा आवाज मला आता ठावं हाय. तुझा लय घोगरा."

मग काय. सकाळी मी पुस्तकातून बघून टाइप करायचो, दुपारी काकी वाचायच्या. माझ्या चुका त्यांना चालायच्या. फक्त एकदा म्हणाल्या, आज बाईला जरा तोतरं केलंयस. तिकडं डोळा मंदावत होता, तसतसं मी अक्षर वाढवत होतो. शेवटी शेवटी एकेक शब्दच पडदा भरून बसायचा, आणि काकी तो तोंडात घोळवून मग पुढं सरकायच्या.

शेवटच्या पानावर त्या बाईनं नव्या घराला दार बसवलं. काकींनी शेवटचा शब्द वाचला आणि पदरानं डोळा टिपला. त्या रडतात की डोळ्याला पाणी येतंय, मला कळेना, म्हणून मी उगीच की-बोर्ड पुसत राहिलो.

"संपलं. डोळ्याच्या आदी पुस्तक संपलं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आता पयलं पान लाव. लय घाईनं वाचलं बघ मी. आता सावकाश वाचीन, जमंल तेवढं."

मी चाचरत सांगितलं, काकी, पहिलं पान त्या गंधातल्या फ्लॉपीवर होतं, आता ते कुठून आणू.

"मग बडीव की. मी बसते."

आणि खरंच बसल्या. मी छापील पुस्तक पहिल्या पानावर उघडलं, त्यावर पेपरवेट ठेवला आणि टाइप करायला लागलो.